कोठ्याचे कारभारी

सकाळी फिरावयास निघालेल्या परिचिताला 'काय, बरे आहे ना?' असे न विचारता 'काय, साफ झाले ना?' असे विचारणारी, आणि होकार मिळाल्यास किंचित मत्सराने पुढे सरकणारी एक सेवानिवृत्त जमात पुण्याच्या जुन्या पेठांतून अद्याप सुखाने नांदत आहे. आमच्या आळीतले दादासाहेब हे त्या जमातीचे भूषण. मामलेदार कचेरीत तीस वर्षे आवक-जावक सांभाळून ते पेन्शनीत निघाले, तेव्हा दप्तरे मागे राहिली. शिरस्ता मात्र अंगातून गेला नाही. लाल बांधणीच्या वहीत ते रोज पहाटे स्वतःच्या उदराची कीर्द लिहितात. आवकेत 'भाकरी दीड, गवार एक वाटी, पेरू एक, बियांसकट'. जावकेत वेळ आणि, वाचकांनी क्षमा करावी, शेरा: 'समाधानकारक', 'अपूर्ण' किंवा 'तहकूब'. (ज्यांच्या टेबलावर लोकांचे अर्ज महिनोन्‌महिने तहकूब राहिले, त्यांनीच हा शब्द इतक्या व्याकुळतेने लिहावा, हा दैवाचा न्याय म्हणावा काय?) युगांडात शल्यचिकित्सा केलेल्या बर्किट नावाच्या ब्रिटिश डॉक्टराने १९७२ साली सहकाऱ्यांसह, आफ्रिकी खेडुतांच्या आणि इंग्रजांच्या मलाची वजने करून, चोथा अधिक खाणाऱ्याचे काम लवकर व भरघोस होते असे छापून आणले, हे कळल्यापासून दादासाहेबांना एकच हळहळ लागून राहिली आहे: आपल्या वहीत वजनाचा रकाना नाही.

थकबाकी साचली की ते इसबगोलाचा हुकूम सोडतात. घोड्याच्या कानावरून फारसीत नाव मिळालेला हा भुसा पाणी पिऊन फुगतो आणि वाट मोकळी करतो. पाणी न मिळाल्यास वाटेतच ठाण मांडतो. गेल्या वैशाखात एका लग्नाच्या गडबडीत त्यांनी दोन चमचे इसबगोल घोटभर चहाबरोबर उरकला. पुढे तीन दिवस 'तहकूब', 'तहकूब', 'तहकूब'. चौथ्या दिवशी ते मला वही दाखवीत असता आतून काकू म्हणाल्या, "अहो, तांब्याभर पाणी प्या आधी, मग लिहा काय लिहायचं ते." दादासाहेबांनी पाणी प्यायले, आणि दुपारी शेरा बदलला.

काकू पीठ कधी चाळीत नाहीत. दळणातला कोंडा भाकरीतच जातो, आणि ताटातला शेंगांचा शेवटचा दोरा त्या चघळून मग उठतात. त्या वहीत काकूंचे खाते नाही.