खड्डेकाका

सकाळी सव्वासहाला बेल वाजली तेव्हाच मी ओळखलं, कुठंतरी पाणी फुटलंय. दूधवाला एकदा वाजवतो, कचऱ्याच्या मावशी दोनदा. बेलवर ठेवलेलं बोट दार उघडेपर्यंत उचलायचंच नाही, ही पद्धत आमच्या सोसायटीत एकट्या खड्डेकाकांची.

"सेक्रेटरी, झोपा काय काढताय? बी विंगसमोरचा कोबा ओला आहे."

"रात्री शिंतोडे पडले असतील, काका."

"फेब्रुवारीत?"

खड्डेकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे, हुद्दा आहे. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जा. नळ, गटार, केबल, कशाहीसाठी जमीन उकरली जात असली की काठावर हात मागे बांधून जे गृहस्थ उभे असतात, ते हे. आमचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. हयातभर क्युसेकमध्ये बोलले, आता पाऊण इंची नळावर भागवतात. पायात लेंगा, डोक्याला कानटोपी, स्वेटरच्या एका खिशात मोजपट्टी आणि दुसऱ्यात खडू. वय 76. खड्डा दिसला की 50.

मी चपला सरकवून खाली गेलो तोवर त्यांनी जमिनीखालच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवला होता आणि स्वतः मीटरपुढे उकिडवे बसले होते.

"बघा. टाकीत थेंब जात नाहीये, तरी चक्र फिरतंय. मग पाणी जातंय कुठं?"

घड्याळ लावून पाच मिनिटं मोजली. दहा लिटर गेलं. मिनिटाला दोन, आणि आमच्याकडे पाणी येतं सकाळचे चार तास. म्हणजे रोजचं 480 लिटर. "माणशी 135 लिटर धरतात," काका म्हणाले, "म्हणजे साडेतीन माणसं रोज या कोब्याखाली आंघोळ करतायत. मेंटेनन्स भरतात का ती?"

मग पानशेत आलं. काकांच्या बोलण्यात कुठल्याही ओलीचा शेवट पानशेतलाच होतो. 12 जुलै 1961 ला ते धरण फुटलं तेव्हा काका बारा वर्षांचे होते आणि नारायण पेठेत राहत होते. त्यामुळे त्यांना अडवायचा कोणाला अधिकार नाही. "आधी पानशेत गेलं, मागून खडकवासला. मातीच्या बांधाचं असंच असतं, आधी नुसतं खचतं." कोबा अजून खचला नव्हता, पण ऐकून मी दोन पावलं मागे सरकलो.

नऊला प्लंबर आला. सोबत ब्रेकर मशीन खांद्यावर टाकलेला एक पोरगा. प्लंबर बोलायला कंजूष. त्यानं पहार जमिनीवर उभी टेकवली, वरच्या टोकाला कान लावला, चार पावलं सरकला, पुन्हा कान लावला. असं करत पारिजातकाच्या आळ्यापाशी जाऊन थांबला.

"इथं वाजतंय."

"आणि ओल तिकडं दहा फुटांवर?" काका हसले. समोरच्याची कीव आली की ते असं हसतात.

"उतार तिकडं आहे ना, काका. कोब्याखाली मुरूम आहे. पाणी मुरमातनं जातं आणि चीर सापडली की वर येतं. दिसतं तिथं फुटलेलं नसतं."

"लाईन कुठून गेलीय त्याचा नकाशा माझ्या डोक्यात आहे," असं म्हणून काकांनी ओलीवर खडूनं फुली मारली. नकाशा खरंच फक्त तिथंच आहे. बिल्डरनं दिला नव्हता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.

ब्रेकर सुरू झाला आणि मग जे झालं ते मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. कोबा फुटेना. पोरगा घामाघूम, दातांत सिमेंट, कोब्यावर नुसती पांढरी पूड. आणि काकांचा चेहरा उजळत चाललेला!

कारण हा कोबा त्यांचाच. काका चेअरमन होते त्या वर्षी पावसाळ्यात इथले पेव्हर ब्लॉक खचले. कंत्राटदार म्हणाला चार इंच पुरे. काकांनी सहा इंच घालून घेतला, मध्ये लोखंडी जाळी, वर एकवीस दिवस गोणपाट टाकून पाणी. ते पाणी ते स्वतः मारत असत, सकाळ-संध्याकाळ, झारीनं. "पन्नास वर्षं बघायला नको" हे त्यांचं तेव्हाचं वाक्य. खालचा नळ तोवर टिकेल का, हे कोणी विचारलं नव्हतं.

"बघितलंत? पाऊण तास झाला!" ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते. "एवढंसं टवकं निघालंय! हल्लीचा असता तर कुदळीनं उचकटला असता." एकीकडे नळ सापडावा म्हणून घाई, दुसरीकडे कोबा हरू नये ही इच्छा. जाळी लागली आणि पोरानं मशीन बंद करून कटर मागितलं, तेव्हा काकांनी स्वतःच्या घरून सगळ्यांना चहा मागवला. शत्रूलाही.

पहिल्या खड्ड्यात नळ शाबूत निघाला. "म्हणजे हा भाग तपासून झाला," काका म्हणाले. दुसऱ्यातही शाबूत. एव्हाना पाणी गेलं होतं, पहारीचा आवाजही बंद, त्यामुळे वाद घालायला मोकळं रान. पारिजातकापाशी खणायला काकांनी दुपारी दोनला परवानगी दिली. "आता तिथंच असणार, हे मी हिशेबानं सांगतो."

तिथंच होतं. दोन नळ सॉकेटनं जोडले होते त्या जागी आटे गंजून चाळणी झालेली. जीआय नळाला आटे पाडताना वरचा जस्ताचा थर निघतो आणि नळ तिथूनच पहिल्यांदा गंजतो. हे प्लंबर सांगणार तेवढ्यात काकांनी सांगून टाकलं. मग नळ कुठल्या क्लासचा, यावर वीस मिनिटं. बी क्लासला निळा पट्टा असतो, सीला लाल. काका म्हणत होते, लालच बसवला होता. आम्ही सगळे खड्ड्यात वाकून पट्टा शोधत राहिलो. गंजाला एकच रंग असतो.

नवा तुकडा बसला. ताग-सफेदा लावायचा की टेप, यावरून आणखी एक चकमक झाली. काढलेला सडका तुकडा काकांनी मागून घेतला, धुतला, खडूनं त्यावर तारीख घातली. त्यांच्या बाल्कनीत असे अकरा तुकडे मांडून ठेवलेत. काकू कुंड्या कुठं ठेवतात, विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला पुन्हा बेल. बोट तसंच.

"मीटर थांबलंय," काका म्हणाले. आवाज असा, की मी सांत्वन करावं. "खड्डे आज बुजवतील म्हणे."

"बरं झालं की."

"हं." ते जायला वळले आणि थबकले. माझ्या खांद्यावरून आत, बाथरूमलगतच्या भिंतीकडे बघत राहिले. तिथं कॅलेंडर होतं. कॅलेंडराच्या खाली, मी गेले चार महिने बायकोलाही दिसू दिला नव्हता तो, वीतभर डाग.

काकांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत आले, बोटाच्या पेरानं भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि कान लावला. मग कॅलेंडर खिळ्यावरून अलगद उतरवून माझ्या हातात दिलं आणि खिशातून खडू काढला.