केवढ्याला पडलं?

प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतातच. तुम्ही नवी पिशवी घेऊन जिना चढत असता आणि वळणावर ते उभे असतात. "केवढ्याला पडलं?" आपण आकडा सांगायचा, त्यांनी डोळे मिटायचे आणि मग निकाल यायचा: "फसलात."

आमच्या वसईत डिसेंबर लागला की काकांचा हंगाम सुरू होतो. दुकानांबाहेर चांदण्या लटकतात, फुटपाथवर प्लास्टिकची झाडं उगवतात आणि काका भाव विचारत फिरतात. घ्यायचं काहीच नसतं. इथे चारशेला असलेलं झाड क्रॉफर्ड मार्केटात अडीचशेला मिळतं, हे ते जातीने जाऊन बघून आलेले असतात. "आणि गाडीभाडं?" असं विचारावं, तर म्हणतात, "पास आहे ना!" निवृत्त माणसाने पास कशाला काढावा, हे विचारायची सोय नाही. तो किती फेऱ्यांत वसूल होतो, ते ऐकत बसावं लागतं.

तळमजल्यावरच्या मावशी नाताळाला सगळ्या बिऱ्हाडांत ताट पाठवतात. कुलकुल, करंज्या, मिल्क क्रीम आणि केक. आम्ही केक खातो; काका त्याचं ऑडिट करतात. काजू इतक्याचे, मनुका तितक्याच्या, त्या रममध्ये भिजवल्या म्हणजे क्वार्टर तरी गेली, गॅस वेगळा. "तुकडा तुम्हाला पंचवीसला पडला," हे मावशींना तोंडावर सांगतात.

"आणि माझी मजुरी, भाऊ?"

काका अडखळतात. मजुरी धरायची राहिलेली असते.

एकदा मी त्यांना जोएल वाल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्याने येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, नाताळात मिळालेल्या वस्तूंसाठी तुम्ही स्वतः किती मोजले असते? १९९३ साली त्याने निष्कर्ष छापला: भेटींच्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा पाण्यात जातो. काकांना जत्रेत हरवलेला भाऊ सापडला. "पण त्याने भावनेचं मोल हिशेबातून वगळायला सांगितलं होतं," मी म्हटलं.

"बरोबरच केलं. भावनेची पावती मिळते का कुठे?"

मग मी २००८चा प्रयोग काढला. कॅनडातल्या संशोधकांनी काही जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. निम्म्यांनी ते स्वतःवर उडवायचे, निम्म्यांनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश निघाले आणि पाच की वीस, याने काहीच फरक पडला नाही. काका विचारात पडले. मला वाटलं, जिंकलो.

"पाचात काम होत होतं, तर वरचे पंधरा घालवले कशाला?"

अशा माणसाच्या हातून कुणाला काही सुटेल, असं वाटत नाही. पण गेल्या डिसेंबरात वॉचमनच्या मुलाच्या पायात नवे बूट दिसले. काकांनी दिलेले. सूड उगवायची हीच वेळ. "केवढ्याला पडले?"

"दीडशे. फुटपाथवर घेतले."

केर काढणाऱ्या ताईंच्या मुलीला दप्तर आलं. दीडशे. तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजोबांना लोकरी स्वेटर आला. तोही दीडशे, सेलमधला. आमच्या ऑफिसात 'सिक्रेट सांता'ला पाचशेची मर्यादा असते आणि बाराशेची वस्तू देणारा किमतीचं स्टिकर काढायला नेमका विसरतो. काका स्टिकर नखाने खरवडतात, वर ओल्या फडक्याने पुसतात. पास कशाला लागतो, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

यंदा मावशींचे हात दुखतात, पोरं परदेशात, कुलकुल वळायला कोणी नाही. ताटं जाणार नाहीत, असं त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी काका बेकरीतला भलामोठा खोका घेऊन त्यांच्या दारात उभे.

"केवढ्याला पडलं, भाऊ?"

"दीडशे."

आयुष्यभर मैदा, लोणी आणि काजू विकत घेतलेल्या बाईने खोका उचलून वजनाचा अंदाज घेतला. "दीडशे? अगदीच स्वस्त की. मग आणखी चार आणा. वीस बिऱ्हाडं आहेत."

काकांनी आणले. तेही दीडशेलाच. देशात सगळ्याचे भाव वाढले. काकांचा तेवढा स्थिर आहे.