कपाटाची चाबी

पोपटाच्या, म्हणजे तुमच्याकडच्या वालाच्या, शेंगा तोडायला काकू कुंपणापाशी आल्या की समजायचं, शेंगा निमित्त आहेत. दोन घरांमधे बांबूच्या ताट्या, ताट्यांवर वेल. वेल त्यांचा, शेंगा दोघींच्या. नागझिऱ्याच्या जंगलाला खेटून असलेल्या आमच्या गावात वर्तमानपत्र दुपारी पोचतं आणि मोबाइलची रेंज तिच्या मर्जीनं येते. काकूंची बातमी मात्र चूल पेटायच्या आत हजर.

“आयकलं का वं? मास्तरनीनं कपाट उघडवलं!”

मास्तरीन म्हणजे काकूंची भाडेकरू. देवरीकडची पोर, डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. कागदोपत्री त्याला आता डी.एल.एड. म्हणतात, पण गावाच्या तोंडी डी.एड.च. आंतरवासितेसाठी पलीकडच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत आली आहे. सकाळी पाठाचं टाचण लिहायचं, शाळेत जाऊन पाठ घ्यायचा, मार्गदर्शक शिक्षकांचा शेरा घ्यायचा, संध्याकाळी परत दुसऱ्या दिवसाचं टाचण.

“कोणतं कपाट जी?”

“लोखंडी! हापिसातलं. टॅब आले तवापासून त्याले कुलूप. चाबी हेडमास्तरच्या करगोट्याले बांधल्यावानी. पोट्ट्यायनं खोका पायला, टॅब काही पायला नाही.”

हे ऐकून तुम्ही हेडमास्तरांना नावं ठेवाल. मीही ठेवली असती, पण पलीकडे बाजेवर काका बसले होते. काका निवृत्त शिक्षक. भंडारा जिल्ह्याचे तुकडे व्हायच्या आधी नोकरीला लागलेले, १९९९ च्या महाराष्ट्र दिनाला गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्यांची शाळा इकडे आली. ते बसल्या जागेवरून म्हणाले, “जडवस्तू रजिस्टर कोणी वाचलं का कधी?”

शाळेतली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते. घंटा, खुर्ची, पृथ्वीचा गोल, टॅब, सगळं एका रांगेत. एकदा चढलेली वस्तू सहज उतरत नाही. फुटली, बिघडली, तर निर्लेखनाचा प्रस्ताव करा, वर पाठवा, मंजुरी येईपर्यंत मोडका सांगाडा सांभाळा. तपासणीत वस्तू दिसली नाही तर विचारणा मुख्याध्यापकाला. वस्तू वापरून तुटली तर विचारतात. न वापरता कपाटात मेली तर कोणी विचारत नाही. मग शहाणा माणूस काय करील?

“चाबी करगोट्याले बांधन,” काकू म्हणाल्या.

काकांनी तर ही गोष्ट तीनदा पाहिली. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी निघाली, मुलांसाठी शिक्षणाचे कार्यक्रम बनवून दूरदर्शनवर दाखवायला. पुढे कुठल्याशा शाळेत टीव्ही आला. शाळेचं नाव काका सांगत नाहीत, काकूंना ठाऊक आहे, पण मी लिहिणार नाही. चोरी होऊ नये म्हणून टीव्ही हेडमास्तरांच्या घरी नेला. तिथे तो अगदी सुरक्षित होता. रविवारी सकाळी अख्खी आळी तिथे रामायण बघायला जमायची. शाळेच्या पोरांनीही पाहिला म्हणा, पण सुट्टीच्या दिवशी. ती बालचित्रवाणी २०१७ ला बंदच झाली.

मग १९८७ ची खडू-फळा मोहीम. किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याच्या पेट्या. भिंगं, लोहचुंबक, नकाशे. “लोहचुंबक आमी पोरायले दिला नाही, हरपन म्हनून,” काका सरळ सांगून मोकळे झाले. तिसऱ्यांदा संगणक आला. २००१ ला एमएस-सीआयटी निघालं, गुरुजी लोकांनी प्रमाणपत्रं आणली, फायलीत लावली, आणि संगणकावर काकूंसारख्या कोणा गुरुपत्नीनं विणलेलं झाकण पडलं.

“मी नव्हतं विणलं बाप्पा,” काकू म्हणाल्या. विणलं त्यांनीच होतं.

तर या पोरीनं कपाट उघडवलं कसं? इथे काकूंनी टोपली खाली ठेवली. म्हणजे गोष्ट मोठी.

आधी फजिती झाली. मास्तरनीनं पहिला तंत्रज्ञानाचा पाठ ठेवला तो क्यूआर कोडवर. बालभारतीच्या पुस्तकांत ते काळे चौकोन आता सगळ्यांनी पाहिलेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात असे कोड घालायची वाट दाखवली. डिसेंबर २०२० मधे त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. डी.एड.च्या पोरांना हे पाठ असतं. हिनं टाचणात ‘शैक्षणिक साधने’च्या रकान्यात झोकात लिहिलं: क्यूआर कोड, दीक्षा ॲप, व्हिडिओ. वर्गात फोन धरला, कोड वाचला, आणि पडद्यावर गोल फिरायला लागला. फिरतोच आहे. मागे मार्गदर्शक शिक्षक वही उघडून बसलेले. पोरं आधी गोलाकडे बघत होती, मग बाईंच्या तोंडाकडे.

“रातच्याला जेवली नाही वं. म्हने काकू, चौकोनात व्हिडिओ नसतेच, नुस्ता पत्ता असते. पत्त्यावर जायले रेंज लागते.”

हे साधं वाक्य तिला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. साधनाचं नाव शिकवलं होतं, ते अडतं कुठे हे नाही. सूक्ष्म अध्यापनात पाचसात मिनिटांचे पाठ घेतले, फळ्यावर कसं लिहायचं, प्रश्न कसा विचारायचा याचे गुण मिळाले. लाइट गेल्यावर काय करायचं याला गुण नव्हते. पुढच्या वेळी तिरोड्याला, रेंजमधे, गेली तेव्हा तिनं लागतील तेवढे पाठ फोनवर उतरवून आणले. दीक्षावर ती सोय आहे, एकदा उतरवलं की रेंज नसली तरी चालतं. पण एक फोन आणि अख्खा वर्ग. शेवटच्या बाकावरच्याला फक्त पुढच्याचं डोकं दिसणार.

त्याच दिवसांत एका पोरीनं वर्गात विचारलं. बाप तिचा वनखात्याकडे मजुरीला जातो. “मॅडम, वाघिणीच्या पट्ट्याले जंगलात रेंज भेटते, मंग आपल्या शाळेले काहून नाही?”

बाहेरच्या वाचकांसाठी: नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ चा. जंगल उत्तम, पण वाघ कमी, म्हणून मे २०२३ मधे चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून इथे सोडल्या, पुढच्या वर्षी आणखी एक. गळ्यात कॉलर. कोणती वाघीण कुठल्या नाल्याला आहे हे साहेबांना बसल्या जागी कळतं, ही गोष्ट आमच्याकडे धानाच्या भावाइतकी चघळून झाली आहे. पोरीचा प्रश्न म्हणून फार खरा होता.

मास्तरीन गप्प. पण दुसऱ्या दिवशी तिनं वनरक्षकाला गाठलं आणि सगळं विचारून आली. कॉलर आपली जागा उपग्रहांवरून काढते आणि ठिकाणही उपग्रहामार्फतच पाठवते. शिवाय तिच्यातून रेडिओची टिकटिक निघते, ती अँटेना घेऊन फिरणारी माणसं ऐकतात. मोबाइलला टॉवर लागतो, आणि टॉवर आणि आपल्यामधे डोंगर-झाडं. हे सांगता सांगता वनरक्षक म्हणाला, तुमच्या फोनमधलं जीपीएससुद्धा रेंजशिवाय चालतं, आम्ही गस्तीत तसंच वापरतो.

इथे मास्तरनीची ट्यूब पेटली. नकाशाचा पाठ पुढे होताच. ती हेडमास्तरांकडे गेली आणि टॅब मागितले. ते नाही म्हणाले. मग तिनं जी गोष्ट केली ती कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. एक कागद लिहून दिला: टॅब मी माझ्या जबाबदारीवर घेते, फुटला तर भरून देते. नोकरी नाही, विद्यावेतन नाही, आणि भरून देते!

“सही पाहून हेडमास्तरचेच हात कापून रायले होते म्हने,” काकू म्हणाल्या. “त्यानं तो कागद फाडला. अन् चाबी देल्ली.”

हे शेवटचं काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण त्यांच्या बातम्या सहसा खऱ्या निघतात.

कपाटातले काही टॅब न वापरता फुगले होते. बॅटरीला कुलूप मानवत नाही. बाकीचे चालले. पोरं गटागटानं शाळेपासून निघाली. मारुतीचं देऊळ, मामा तलावाची, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाची, पाळ, पिठाची गिरणी, प्रत्येक ठिकाणी टॅबवरचे अक्षांश-रेखांश वहीत उतरवले आणि परत येऊन कागदावर गावाचा नकाशा काढला. टाचणात शैक्षणिक साधनांच्या रकान्यात तिनं लिहिलं: टॅब, वाघिणीच्या कॉलरचे चित्र, तलाव. कॉलेजातून आलेल्या निरीक्षकांनी ‘तलाव’ला लाल शाईनं गोल केला. काकांचं मत, तलाव हे साधन होतं आणि गोल करणारी लाल शाई हे त्याहून जुनं साधन.

मला यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिसरीतलं एक पोर, घरी गोंडी बोलणारं, जूनपासून वर्गात तोंड उघडत नव्हतं. हजेरीलाही नुसता हात वर. त्याच्या हातात टॅब आला, आवाज भरायचं बटण सापडलं, आणि ते भिंतीकडे तोंड करून बोलत सुटलं. आजीची गोष्ट, गोंडीत, मधे मधे मराठी. मास्तरनीला गोंडी येत नाही. तिनं ते आजीलाच नेऊन ऐकवलं आणि आजीकडून अर्थ विचारून घेतला. आता ते पोर मराठीत भांडतंसुद्धा. टॅबमधे मराठी शिकवणारे व्हिडिओ होतेच, पण पोराला ऐकायचं नव्हतं, बोलायचं होतं.

गुरुजी लोकांना यंत्राचा कंटाळा का, हेही काकूंनीच सांगितलं. तिथल्या हेडमास्तरांचा फोन दिवसभर वाजत असतो. पोषण आहारात किती जेवले ते भरा, हजेरी भरा, कार्यक्रमाचा फोटो टाका, लिंक उघडा, ग्रुपवर ‘माहिती भरली’ लिहा. त्यांच्यापुरतं तंत्रज्ञान म्हणजे वरच्यांना उत्तर देणं. मास्तरनीच्या फोनवर अजून ती कामं आलेली नाहीत, म्हणून तिला यंत्र पोरांचं वाटतं. नोकरी लागेपर्यंत तरी.

आणि नोकरीचं तर विचारूच नका. आधी टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल, मग वर्षानुवर्षं जाहिरातीची वाट. राज्यातली कितीतरी डी.एड. कॉलेजं पोरं मिळेनात म्हणून बंद पडली, आणि नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं २०३० पर्यंत चार वर्षांचं बी.एड. लागणार. मागच्या महिन्यात तिला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या मामानं विचारलं, “कायम कधी होणार?” काकूंनी चहात साखर घातली नाही.

आता राहिला लाइटचा प्रश्न. शाळेचं मीटर बिल थकल्यामुळे कापलेलं. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, आणि शाळेतला पंखा मुलं हातानं फिरवतात. उलट जंगलाच्या आतल्या विश्रामगृहात वीज नाही याचंच कौतुक. पुण्या-मुंबईचे लोक अंधारात राहायला पैसे मोजतात. असो.

“मंडईच्या जत्रेतल्या नाटकाले वर्गणी काढा म्हनलं तं पाचशे-पाचशेच्या नोटा निघते,” काकू तावात आल्या. “शाळेच्या बिलाले काढा म्हनलं तं सरपंच म्हनते, वरून येईन. वरून का येईन, वाघीन?”

“मग टॅब चार्ज कुठे होतात?”

“माह्या घरी! देवघरापाशी वायरीचं जंजाळ. काका रातच्याला उठले तं अडखळून पडते. बिल येईन तं कोन भरन?”

काका म्हणाले, मी भरतो. काकूंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

खरी चिंता पुढे आहे. हेडमास्तर उन्हाळ्यात निवृत्त होतात. पदाचा चार्ज देताना जडवस्तू रजिस्टर उघडणार, एक एक नग मोजून घेणार, आणि नवा माणूस सही करताच पहिली गोष्ट कोणती करील हे काकांनी सांगायची गरज नव्हती. मास्तरीनही तोवर परीक्षेला निघून गेलेली असेल. फुगलेले टॅब तर आधीच अंगावर. त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव काका स्वतः लिहून देणार आहेत, कच्चा मसुदा बाजेखाली तयार आहे.

“चार्ज कोन घेनार ते मले माहीत आहे,” काकू कुंपणाच्या आणखी जवळ आल्या. “त्याची बायको माह्या मावसबहिणीची नणंद. मी बोलतो तिच्यासंगं. माणूस तिच्या आयकण्यातला आहे. पन ते नंतर. तू आधी हे सांग, तुह्या घरी इन्व्हर्टर आहे ना? उद्यापासून अर्धे टॅब तुह्याकडे पाठवतो.”