पावसाळ्यात जुनी जीप कशी सांभाळावी

(नसरापूर-वेल्हे परिसरातील पेट्रोल जीपमालकांसाठी सर्वसाधारण सूचना)

अमेरिकेच्या विलीज कंपनीने ही गाडी दुसऱ्या महायुद्धासाठी बनवली आणि १९४७ पासून महिंद्रांनी ती आपल्याकडे आणली. उंच बॉनेटचं सीजे-थ्रीबी मॉडेल अमेरिकेत १९६८ साली बंद पडलं ते कायमचं. आपल्याकडे ते रोज बंद पडतं, पण कायमचं नाही. युद्ध या घराण्याने पाहिलं आहे. जुलैमधला चेलाडी-वेल्हे रस्ता मात्र त्या अभ्यासक्रमात नव्हता. म्हणून हे नियम.

१. गाडी उतारावरच लावावी. सेल्फवर भरवसा ठेवून सपाटीला लावणाऱ्याने धक्का मारायला चार भाचे बाळगावेत. चाकाखालचा दगड गाडीतच ठेवावा. स्टेपनीवाचून भागतं, दगडावाचून नाही. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट शाबूत राहतं.

२. डिस्ट्रिब्युटरची कॅप रात्री काढून घरात आणावी आणि चुलीच्या उबेला ठेवावी. कॅपमध्ये ओल शिरली की ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही. घरात कुरकुर झाल्यास, यामुळे गाडी चोरीला जाऊ शकत नाही, हे पटवून द्यावं. गाडी चोरावी असं कोणाला वाटेल, या प्रश्नाला उत्तर देऊ नये.

३. जुन्या जीपचा वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम घटतो आणि वायपर बसतो. म्हणजे पाबे घाट चढताना, ऐन कोसळत्या पावसात, त्याची सुट्टी असते. अशा वेळी क्षणभर पाय उचलावा, वायपर दोन हात मारतो तेवढ्यात पुढचं वळण पाठ करावं आणि पुन्हा दाबावं.

४. ओढ्यातून निघाल्यावर चारही चाकांचे ड्रम ब्रेक ओले असतात. थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवावं म्हणजे ते सुकतात. तोवर म्हशींना दुरूनच हॉर्न द्यावा. हॉर्न वाजत नसेल तर हाक मारावी. दारं नसल्याने ती लांबवर जाते.

५. गंज आधी पायाखालचा पत्रा खातो. भोक पडलं म्हणून लगेच हळहळू नये. वरून आलेलं पाणी तिथूनच जातं. मे संपायच्या आत खालून जळकं ऑइल मारावं. लांबी भरून वर रंग मारणाऱ्याला गंज न खरवडता पैसे देऊ नयेत. ते काम निवडणुकीआधीच्या डांबरीकरणाइतकंच टिकतं. मात्र वेल्डिंगला नेण्याआधी टाकी काढावी, यात थट्टा नाही. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते.

६. पंधरा वर्षांनी नोंदणीची मुदत संपते, मग दर पाच वर्षांनी पासिंग. तेव्हा साहेब चासी नंबर तपासतात. त्या नंबरावर बारमाही ग्रीस असू द्यावं. हूड, बॉडी, गिअरबॉक्स एव्हाना तीनदा बदललेले असतात, मूळचा असा तो नंबरच उरतो. तो गंजला तर तुमच्याकडे जीप नाही, नुसते सुटे भाग आहेत.

७. विक्री. भंगारवाला वजनावर घेतो आणि आपला निम्मा पत्रा शिवगंगेतून केव्हाच वाहून गेलेला असतो, तेव्हा तो नाद सोडावा. रविवारी बनेश्वरला आलेला एखादा पुणेकर गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो, गंजावरून हात फिरवतो आणि "काका, देणार का?" म्हणतो. चेहरा स्थिर ठेवून भलतीच किंमत सांगावी. तो कबूल झाला तर घाबरू नये. "घरच्यांना विचारून कळवतो," म्हणावं, आणि घरी कोणालाही विचारू नये. ते हो म्हणतील.