पहिल्या रांगेतील मान्यवरांस, सप्रेम

मा. पहिल्या रांगेतील समस्त तारे-तारका यांस,
मु. पो. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, न्यूयॉर्क
(शाखा : लॉस एंजेलिस, टोरांटो)

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, एनबीएच्या सामन्यांना आपण जातीने हजर राहता आणि दहा धिप्पाड माणसांना आपल्या पायांपाशी खेळू देता, याबद्दल आपले जाहीर आभार मानावेत असं बरेच दिवस मनात होतं. मी ठाण्याला राहतो. प्लेऑफच्या दिवसांत तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा आमच्याकडे सकाळचे सहा होतात, त्यामुळे तुमचा झगमगाट आणि आमची दुधाची पिशवी बरोबरच घरात येतात. आईला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण चहा गाळता गाळता पडद्याकडे बघून ती विचारते, "आज तो केशरी चष्मेवाला नाही आला का रे?" केशरी चष्मेवाला म्हणजे चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली. न्यूयॉर्कच्या निक्स संघाचा कर्णधार जेलन ब्रन्सन कोण, हे तिला अजून दर वेळी सांगावं लागतं. यावरून आपली कीर्ती कुठवर पोचली आहे ते ध्यानात यावं.

खुलंच पत्र का, असं विचाराल. तर बास्केटबॉलला खुल्या पत्राची थोर परंपरा आहे. ८ जुलै २०१० रोजी लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलंड सोडून मायामीला जायचा निर्णय ईएसपीएनवर खास कार्यक्रम करून जाहीर केला. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. कार्यक्रम सव्वा तासाचा होता. क्लीव्हलंडचे मालक डॅन गिल्बर्ट इतके भडकले की त्याच रात्री त्यांनी चाहत्यांना उद्देशून खुलं पत्र प्रसिद्ध केलं. लेब्रॉनच्या आधी आपण विजेतेपद मिळवणार, अशी भीष्मप्रतिज्ञा त्यात होती. आणि ती प्रतिज्ञा छापली होती कॉमिक सॅन्स या बाळबोध टायपात. एनबीएने गिल्बर्टना एक लाख डॉलरचा दंड ठोठावला. लेब्रॉनने मायामीत दोन विजेतेपदं मिळवली, २०१४ मध्ये तो परत आला आणि २०१६ मध्ये त्यानेच क्लीव्हलंडला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. मी साध्या टायपात लिहितो आहे आणि भाकीत कसलंही करणार नाही. दंड भरण्याची ऐपत नाही.

पहिली रांग आमच्याकडेही असते. गणेशोत्सवातल्या कुठल्याही गाण्याच्या कार्यक्रमाला ती सोफ्यांची असते. सोफ्यावर पांढरे टॉवेल, समोर टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या. मान्यवर पाऊण तास उशिरा येतात, त्यांच्यासाठी चालू गाणं थांबतं, शाल-श्रीफळ होतं, आणि तिसऱ्या गाण्याला ते 'पुढच्या कार्यक्रमाला जायचंय' म्हणून हात जोडत उठतात. प्लास्टिकच्या खुर्चीवरचा माणूस भैरवीपर्यंत बसतो. तुमचं तसं नाही, हे मी इथे चारचौघांत छातीठोकपणे सांगत असतो. तुम्ही फार तर पहिलं क्वार्टर संपता संपता येता, आणि संघ वीस गुणांनी मागे पडला तरच चौथ्यात गाडीकडे निघता. शिवाय तुमच्यासाठी खेळ थांबत नाही. कॅमेरा तेवढा थांबतो.

ही सगळी व्यवस्था लावली ती एका रसायनशास्त्रज्ञाने. जेरी बस हे या विषयातले पीएच.डी.; १९७९ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसचा लेकर्स संघ विकत घेतला. मॅजिक जॉन्सन त्याच वर्षी संघात आला. हॉलिवूड हाकेच्या अंतरावर असताना ते घरी बसून काय करतंय, हा प्रश्न बस यांना पडला. त्यांनी नर्तकी आणल्या, बँड आणला, नटनट्यांना कडेच्या खुर्च्यांवर बसवलं आणि सामन्याचा 'शोटाइम' केला. त्या दशकात लेकर्सनी पाच विजेतेपदं मिळवली, म्हणून कोणी नाकं मुरडली नाहीत. हरले असते तर हाच प्रकार थिल्लर ठरला असता.

तुमच्या गोतावळ्यातले कुलपुरुष जॅक निकल्सन तर बस यांच्याही आधीपासून तिथे होते. खुर्ची कुठली? पाहुण्या संघाच्या बाकाला लागून. म्हणजे समोरच्या संघाच्या कोचच्या कानाशी बसून आयुष्यभर त्याला हैराण करायचं. २००३ च्या प्लेऑफमध्ये लेकर्सच्या शाकील ओनीलला फाऊल दिला म्हणून हे तीन ऑस्कर मिळवलेले गृहस्थ उठून रेफरीशी असे भांडले की त्यांना बाहेर काढायची वेळ आली होती. पासष्टी ओलांडलेला माणूस. लेकर्स ती मालिका हरलेच, पण त्या दिवशी निकल्सननी काळ्या चष्म्याआडून जो थयथयाट केला, तो बघून मला वाटलं, याला फुकट बसवलं तरी चालेल.

आणि मग स्पाइक ली. त्यांच्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण माझं सगळं म्हणणं त्यांच्यापाशी येऊन थांबतं.

१ जून १९९४. न्यूयॉर्क निक्स विरुद्ध इंडियाना पेसर्स, मालिका २-२ अशी बरोबरीत, पाचवा सामना गार्डनवर. तीन क्वार्टर झाली तेव्हा निक्स बारा गुणांनी पुढे. स्पाइकसाहेबांना गप्प बसवेना. त्यांनी कडेवरून पेसर्सच्या रेजी मिलरला डिवचायला सुरुवात केली. याला आमच्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मिलर किडकिडीत, मोठ्या कानांचा, तोंडाने फटकळ. त्याने एक थ्री, म्हणजे तीन गुणांचा लांबचा नेम, मारला आणि स्पाइककडे पाहिलं. दुसरा मारला, पुन्हा पाहिलं. नंतर तर तो रिंगपासून इतक्या लांबून मारायला लागला की निक्सचे बचावपटू त्याच्याकडे जायचं की नाही या विचारातच राहिले. दर बास्केटनंतर तो मागे पळत जाताना स्पाइकशी बोलत होता. एकदा त्याने दोन्ही हात स्वतःच्या गळ्याला लावून तुमच्या संघाचा श्वास कोंडलाय असा अभिनय करून दाखवला. एकट्याने त्या क्वार्टरमध्ये २५ गुण केले. पेसर्स ९३-८६ जिंकले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी पराभवाचं खापर प्रशिक्षकावर नाही, बचावावर नाही, एका प्रेक्षकावर फोडलं.

आता यात मला भावलेली गोष्ट पुढेच आहे. सहावा सामना इंडियानापोलिसला होता. कोणीही शहाणा माणूस चार दिवस फोन बंद करून घरात बसला असता. स्पाइक ली तिकडे गेले. हजारो इंडियानाकर आपल्या नावाने शिमगा करणार हे ठाऊक असून गेले, बसले, शिव्या खाल्ल्या. निक्स तो सामना जिंकले आणि सातवाही.

मान्यवर हो, माझं गाऱ्हाणं इतकंच आहे. पहिल्या रांगेचं भाडं डॉलरमध्ये फिटत नाही. ते फजितीत भरावं लागतं. स्पाइकनी ते भरलं आहे, निकल्सननी भरलं आहे. बाकीच्यांच्या पावत्या मला कुठे दिसत नाहीत.

तसा त्या खुर्चीत थोडाफार धोका असतो, नाही असं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये क्लीव्हलंडला सुटलेल्या चेंडूमागे झेपावलेला लेब्रॉन गोल्फपटू जेसन डे यांच्या पत्नीवर जाऊन आदळला. त्यांना स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी ब्रुकलिनला इंग्लंडचे राजपुत्र विल्यम आणि केट आले होते. सामन्यानंतर फोटोसाठी लेब्रॉनने घामेजलेला हात केटच्या खांद्यावर टाकला, आणि राजघराण्याला स्पर्श करावा की करू नये यावर ब्रिटिश पत्रकारितेने पुढे किती शाई खर्च केली ते विचारू नका. मला विचाराल तर त्या संध्याकाळी केट यांनी तिकिटाची किंमत वसूल केली. खेळाडूचा खरा घाम अंगाला लागणं ही चैन आम्हाला पडद्यावर मिळत नाही.

गायिका रिहानाबाईंचाही उल्लेख करायला हवा. २०१७ च्या अंतिम मालिकेचा पहिला सामना, ओकलंड. बाई लेब्रॉनच्या पक्षाच्या. त्या समोरून चालत गेल्या तर समालोचक जेफ व्हॅन गंडी खेळ सोडून त्यांच्याबद्दलच बोलायला लागले. बाईंनी समोरच्या संघातल्या केविन डुरांटला डिवचलं. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने थ्री मारला आणि तिकडे असं रोखून पाहिलं की माझ्या हातातला टोस्ट चहात पडला. डुरांटचे त्या दिवशी ३८ गुण झाले. बाईंची पावती मी मंजूर करतो.

अडचण आहे ती टोरांटोच्या रॅपर ड्रेकरावांची. २०१३ पासून रॅप्टर्स संघाचे हे अधिकृत सदिच्छादूत. २०१९ च्या प्लेऑफमध्ये उत्साहाच्या भरात त्यांनी चालू सामन्यात कोच निक नर्सचे खांदे चेपून दिले. हे एक वेळ ठीक. पण अंतिम मालिका पडली गोल्डन स्टेट वॉरियर्सशी, आणि ड्रेकरावांच्या हातावर त्याच संघातल्या स्टेफ करीचा ३० आणि डुरांटचा ३५ हे आकडे आधीच गोंदलेले! ते झाकायला त्यांनी हाताला पट्टा बांधला. दोन डगरींवर हात ठेवणारे आम्ही राजकारणात पुष्कळ पाहतो, पण गोंदवून घेणारा हा पहिलाच. रॅप्टर्स जिंकले म्हणून निभावलं.

त्याच टोरांटोत रिंगखालच्या बाजूला एक पगडीवाले सरदारजी बसतात, नव भाटिया. १९८४ मध्ये भारतातून कॅनडात गेलेले, मोटारी विकून मोठे झालेले. संघ १९९५ मध्ये सुरू झाला तेव्हापासून हे गृहस्थ समोरच्या खेळाडूच्या फ्री थ्रोच्या वेळी पांढरा टॉवेल फिरवून त्याचं लक्ष उडवतायत. संघ वर्षानुवर्षं हरत होता तेव्हाही फिरवतच होते. २०१९ मध्ये संघाने त्यांना खेळाडूंसारखी विजेतेपदाची अंगठी दिली. ड्रेकराव, राग मानू नका, पण तुम्हा दोघांपैकी एकालाच जागा द्यायची झाली तर माझं मत सांगायची गरज आहे का?

खेळाडूही आता तुमच्याच पंगतीत येऊन बसले आहेत. २००५ मध्ये आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी नियम काढला की ढगळ कपडे, गळ्यात साखळ्या हे बंद, नीटनेटकं यायचं. खेळाडूंनी आधी आरडाओरडा केला, मग शिंप्यांना फोन लावले. आज गाडीतून उतरून ड्रेसिंग रूमपर्यंतच्या बोळातून जाताना त्यांचे जे फोटो निघतात, त्यातला एकेक अंगरखा पाहून स्टर्ननी मागे काय पेरलं ते कळतं. मी तेही फोटो पाहतो. रसेल वेस्टब्रुकचे तर जपून ठेवले आहेत. चाहत्याला लाज नसावी.

आमच्या मुंबईनेही तुमच्या मांडवाची चव घेतली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे मोसमापूर्वीचे दोन सामने झाले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. रणदिवे हे आडनाव एनबीएच्या मालकांच्या यादीत पाहून आमच्या कॉलरी ताठ झाल्या होत्या. संघाने दोन्ही सामने हरून त्या खाली बसवल्या. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत हजारो शाळकरी मुलं होती. कोण कुठल्या बाजूचा याचा पत्ता नाही, चेंडू रिंगमध्ये गेला की ओरडायचं एवढाच नियम. पेसर्स ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असे एका गुणाने जिंकले. दुसऱ्या दिवशी मोठी माणसं आली, आणि सामना १३०-१०६ असा एकतर्फी झाला. यातून मी काही सुचवत नाहीये.

आता शेवटचं. २१ मे २०२५, पुन्हा निक्स विरुद्ध पेसर्स, पुन्हा गार्डन. स्पाइक होते, बेन स्टिलर होते, टिमथी शालामे होते. तीन मिनिटांहून कमी वेळ उरलेला आणि निक्स चौदा गुणांनी पुढे. इथे आमच्याकडे आठ वाजून गेले होते, ऑफिसची गाडी चुकली होती. मग पेसर्सचा नेस्मिथ एकामागून एक थ्री मारत सुटला, आणि अखेरच्या क्षणी टायरीस हॅलिबर्टनचा चेंडू रिंगवर आपटून छताकडे उडाला, तसाच खाली येऊन आत पडला. आपण जिंकलो असं वाटून हॅलिबर्टनने दोन्ही हात गळ्याला लावले. समालोचनाच्या टेबलाशी कोण बसलं होतं? रेजी मिलर. नंतर कळलं की हॅलिबर्टनचा पाय तीन गुणांच्या रेषेवर होता, बास्केट दोन गुणांचाच, सामना बरोबरीत. ओव्हरटाइममध्ये पेसर्स १३८-१३५ जिंकले.

त्या पाच जादा मिनिटांत मी खेळ कमी आणि तुमची रांग जास्त पाहिली. तुम्ही बसून होतात. कोणी फोन काढला नाही, कोणी गाडी मागवली नाही, शालामे डोकं धरून होते. त्या रात्री तुम्ही सगळे आमच्यातले होतात.

तेव्हा नम्र विनंती की, यापुढेही शेवटचा बझर वाजेपर्यंत जागा सोडू नये, आपला संघ वीसने मागे असेल तेव्हा तर मुळीच नाही. आणि हरलात तर पुढच्या सामन्याला परगावी जाऊन शिव्या खाव्यात. आपले स्पाइकराव वाट दाखवतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ठाण्याचा एक चाहता

ता. क. : खुर्चीखाली सांडलेलं पेय कृपया आपणच पुसावं. पुसायला पळत येणारी पोरं खेळाडूंचा घाम पुसण्यासाठी नेमलेली असतात.