डिपर मारा की, पावणं!

ऊसतोडीचा हंगाम लागला की शिरोळ तालुक्यात रात्रीच्या रस्त्यांवर उजेडाचा सुकाळ होतो. दत्त कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या टपावर एलईडीची पट्टी, बंपरवर दोन गोल फोकस, मडगार्डवर निळ्या-जांभळ्या माळा आणि अख्ख्या शिवाराला पुरून उरतील अशी गाणी. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि त्या ट्रॉल्यांच्या पाठीला मात्र धड एक रिफ्लेक्टर नाही. एखादीचा टायर बसला की ती आहे तिथेच थांबते. भोवती चार धोंडे मांडले की बंदोबस्त पूर्ण. ट्रॉली दुसऱ्या दिवशी निघून जाते. धोंडे पाडव्यापर्यंत तिथेच.

असल्या रस्त्याने कुरुंदवाडहून शिरोळला रात्री येणाऱ्याला आपल्या गाडीचा उजेड कमी वाटू लागला, तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि समोरचा अप्परवर. हा डिपर मारून विनंती करतो, समोरचा दाद देत नाही. काही दिवस असं सोसलं की हा जयसिंगपूरच्या बाजारात जातो आणि मनाशी म्हणतो, आता बघाच. पुढच्या आठवड्यात ह्याच्यामुळे डोळे दिपलेला दुसरा कुणीतरी त्याच दुकानात उभा असतो. दुकानदाराचं बरं चाललंय.

आता या उजेडामागचा हिशेब. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एच-फोर जातीचा हॅलोजन बल्ब असतो. अप्परला ६० वॅट, डिपरला ५५. त्या बल्बच्या पोटात डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. खालच्या अंगाला जाणारा उजेड ती अडवून धरते, म्हणून डिपरचा झोत वर उसळत नाही. आपण डावीकडून चालणारी माणसं, तेव्हा झोताचा डावा कोपरा तेवढा जरा उचललेला असतो. कडेचा सायकलवाला, म्हैस, मैलाचा दगड दिसावा एवढ्यासाठी. ही सगळी आखणी त्या बारीक तारेच्या जागेवर बेतलेली. तिथे बाजारातली कुठलीही एलईडी चढवली आणि तिच्या चिपा मिलिमीटरभर इकडेतिकडे बसल्या, की आखणी मोडते. उजेड रस्त्यावर कमी आणि बाभळीच्या शेंड्यावर जास्त. शेंड्यावरचं घुबड काय म्हणत असेल ते छापण्यासारखं नसावं. शंभर-नव्वद वॅटचे हॅलोजन घालणारेही आहेत. त्यांचा होल्डर वितळला की ते आपोआप सरळ होतात.

गंमत म्हणजे मालक खूश असतो. बॉनेटपुढचा रस्ता पांढराफेक दिसतो, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण जवळचं फार लख्ख दिसलं की डोळ्यातली बाहुली आकसते आणि लांबचं, म्हणजे ज्या उभ्या ट्रॉलीसाठी हा खटाटोप केला तीच, आणखी अंधारात जाते. थंडीत कृष्णा-पंचगंगेच्या काठावर धुकं उतरलं की अप्परचा सगळा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच तोंडावर येतो. तरी निळसर पांढऱ्याचं वेड काही कमी होत नाही. फ्रेंचांनी १९३६ मध्ये कायदा करून पिवळे हेडलाइट सक्तीचे केले आणि १९९३ पर्यंत ते चालवले. आमच्याकडे पिवळा उजेड म्हणजे गाडीला बाजारात किंमत नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला १०६ वा नियम सांगतो की झोत कायम खाली वळवलेला हवा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, तो दिपता कामा नये. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. बुटक्या मोटारीत बसलेल्याचे डोळे एवढे उंच नसतात, म्हणजे हा बहुधा रस्त्यात उभा आहे. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला चालत निघालेला असणार. साठीचा असेल तर आणखी पंचाईत, कारण त्या वयात डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो, आणि एकदा दिपल्यावर सावरायलाही वेळ लागतो.

त्रिपुरारी पौर्णिमेला खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात माणसं गर्दी करतात. स्वर्गमंडपाच्या छताला गोल झरोका आहे आणि त्या रात्री चंद्र बरोबर त्याच्या माथ्यावर येतो. ते चांदणं बघायला निघालेली मंडळी वाटेत एकमेकांना आंधळं करत जातात आणि मंडपात पोचल्यावर, काय शांत उजेड आहे नाही, असं एकमेकांना हळू आवाजात सांगतात.

खरी सुधारणा फारच कंटाळवाणी आहे. उन्हाने पिवळट पडलेली हेडलाइटची काच आधी घासून पॉलिश करून घ्यायची. जुन्या, बारीक वायरांमुळे बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो, म्हणून जाड वायर आणि रिले. कंपनीने सांगितलेल्याच वॅटचा चांगला बल्ब. मग गाडी सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर लावून डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला शून्य ते तीन आकड्यांची एक चकती असते. तिला कुणी हात लावत नाही. वाडीहून परतताना मागच्या सीटवर मेहुण्याचं कुटुंब आणि डिकीत बासुंदी, कवठाची बर्फी, वांग्यांची पाटी असली की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरसुद्धा अप्परसारखा लागतो. चकती तेव्हा फिरवायची.

एका वायरमन मामांनी मला या धंद्यातली अडचण समजावून सांगितली. “फोकस सेट करून दिला की गिऱ्हाईक इचारतंय, नवीन काय बसवलं? काय न्हाई म्हटलं की पैसं काढताना त्याचा हात खिशातच ऱ्हातोय.”

“मग काय करता?”

“बंपरवर एक लाल स्टिकर मारतो. हसत जातंय.”