पहिल्या सेल्फला

गाडीला साधा आजार झालेला मला खपत नाही. मला स्वतःला सर्दी झाली तर सुंठ चघळून कामाला लागतो. पण आमची जुनी डिझेल गाडी डिसेंबरातल्या सकाळी नुसतीच घरघरली आणि दमून गप्प झाली, की माझ्या मनात एकाहून एक भारदस्त निदानं येतात. कॉम्प्रेशन गेलं. पंपाचं टायमिंग सरकलं. डिझेल गोठलं. यातलं शेवटचं तर मी चारचौघांत जाहीरही करून टाकलं. डिझेलमध्ये मेण असतं, कडाक्याच्या थंडीत त्याचे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो, हे खरंच आहे. लडाखसाठी 2019 साली उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहील असं खास डिझेल आणावं लागलं, हेही खरं. अडचण एवढीच, की मी नाशकात राहतो. तरी पंपावरच्या पोराला विचारून पाहिलं, "काय रे, तुमचं डिझेल गोठतं का?" तो बिनस्वेटरचा उभा होता. त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्या कानटोपीकडे पाहिलं आणि म्हणाला, "कितीचं टाकू?"

पार्किंगमध्ये बंद पडलेली गाडी म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, बॅटरी अशक्त झालीये. त्यांना सगळीकडे अशक्तपणाच दिसतो. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, घसारा केव्हाच पूर्ण झालाय, काढून टाका. वॉचमनचा धक्क्यावर विश्वास. निफाडजवळच्या उगावचा मेहुणा फोनवर ठामपणे म्हणाला, "दाजी, एअर धरली असणार," कारण त्याच्या ट्रॅक्टरने मागच्याच आठवड्यात एअर धरली होती. मी एका चकाचक वर्कशॉपातही जाऊन आलो. तिथल्या मुलाने हातात स्कॅनर घेऊन गाडीभोवती चक्कर मारली आणि त्याची पिन कुठे लावायची, असं मलाच विचारलं. या गाडीत तशी जागाच नाही. त्याने "मग काहीच कळणार नाही, सर" असं इतक्या आदराने सांगितलं की मी आभार मानून बाहेर पडलो.

म्हणजे निदान माझ्यावरच येऊन पडलं, आणि खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट पाहत होतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची, की तिच्यात डिझेलचा फवारा पडला की तो आपला आपणच पेटला पाहिजे. आमच्या गाडीच्या पिढीत हवा जवळजवळ 22 पट दाबली जाते आणि पाचशे अंशांच्या वर तापते. पण या जुन्या इंजिनांत पेटवापेटवी होते ती सिलिंडरच्या डोक्यावरच्या एका छोट्या कोठडीत. थंड सकाळी त्या कोठडीच्या गार भिंती हवेची ऊब गिळून टाकतात. म्हणून प्रत्येक कोठडीत एक हीटर प्लग असतो. चावी फिरवली की डॅशबोर्डवर स्प्रिंगच्या आकाराचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला यातलं काही लागत नाही. त्यात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतं, कोठडी नाही, हीटर नाही. तो पहाटे बांधावरून धडधडत निघतो आणि आम्ही एसी असलेली माणसं खाली उतरून धक्का मारतो.

आता आजार ओळखायचा तर दोनच गोष्टी तपासायच्या. सेल्फ जोमाने फिरतोय का, आणि मागून धूर येतोय का? सेल्फ रेंगाळला तर बॅटरी, अर्थिंग, घट्ट झालेलं ऑइल. जोमाने फिरला पण धुराचा पत्ता नाही, तर डिझेलच पोचत नाहीये: एअर, फिल्टर, नाहीतर पंपावरचा सोलेनॉइड. आणि पांढरा धूर आला, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. मी चावीशी बसलो. सायलेन्सरशी बायकोला शाल पांघरून उभं केलं.

"अहो, धूर निघतोय."

"रंग कोणता?"

"धुराचा."

"अगं, पांढरा का काळा?"

"पांढरा. डोळे झोंबतायत. मी वर जाऊ?"

सेल्फही जोमाने फिरत होता. अशा रीतीने डॉक्टर, वॉचमन आणि मेहुणा तिघेही एका शालीत बाद झाले. राहिले दोघे, हीटर आणि कॉम्प्रेशन. मी मनापासून कॉम्प्रेशनच्या बाजूने होतो. रिंगा झिजल्यात, इंजिन उतरवावं लागेल, असं चार लोकांत म्हणायला काय वजन आहे! शिवाय दिवा तर वेळेवर लागून वेळेवर विझत होता. पण तो दिवा नुसती वेळ मोजतो, आत कोणी तापलंय की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. चारही प्लग एका पट्टीने जोडलेले असतात, आणि ती पट्टी सोडवल्याशिवाय कोण जिवंत आणि कोण मेलेला हे कळत नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखंच, हजेरी सगळ्यांची आणि राबणारा एक. पट्टी काढली, बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला लावली. बल्ब एकाच ठिकाणी लागला. नवे प्लग पाकिटातल्या पैशांत आले. इतका स्वस्त आजार आमच्या गाडीला शोभत नव्हता.

आता थंडीचा विषय निघालाच आहे, तर निफाडबद्दल बोलायलाच हवं. निफाड माझ्या घरापासून तासाभरावर आहे. पण पुण्याच्या नातेवाइकांशी बोलताना मी ते पार्किंगपर्यंत ओढून आणतो. पुणेकर पाषाणचा आकडा सांगतात, कारण शिवाजीनगरचा सांगून इभ्रत राहत नाही. महाबळेश्वरवाले वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याचे फोटो पाठवतात. पाठवोत बापडे. महाबळेश्वर 1300 मीटरहून उंच, आमचं निफाड त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर, आणि तरीही डोंगर चढून न जाता, स्ट्रॉबेरी न विकता, निव्वळ स्वकष्टाने ते महाबळेश्वरपेक्षा खाली उतरतं. उत्तरेकडचा कोरडा वारा, निरभ्र आभाळ आणि उघडं सपाट शिवार. दिवसभराची ऊब रात्री सरळ वर निघून जाते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 6 वर आला की पेपरात पहिल्या पानावर चौकट येते, आणि ती वाचताना माझी छाती अशी फुगते, जणू रात्रभर जागून पारा मीच खाली ढकललाय. मी थर्मामीटरही विकत घेतलाय. आमच्या गच्चीवर तो कधीच मनासारखा उतरत नाही, म्हणून तो जरा कुंड्यांच्या मागे, ओलसर जागी ठेवतो.

तर असाच एकदा 6 चा आकडा आला आणि मी मेहुण्याला फोन केला. "काय पाव्हणं, यंदा विक्रम मोडणार म्हणायचा!"

तो जरा थांबून म्हणाला, "दाजी, मणी तडकायला लागलेत."

द्राक्षात पाणी भरलेलं असताना पारा असा पडला की मणी तडकतात, नाहीतर फुगवण तिथेच थांबते. वर्षभराची छाटणी, औषधं, मजुरी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या मण्यात असतं. मी मिरवत होतो तो आकडा त्याच्या हिशेबातून वजा होत होता.

त्याच संध्याकाळी थर्मामीटर घेऊन उगावला गेलो. बागेत जागोजागी शेकोट्या, धूर वेलींवर धरून ठेवायचा. थंड हवा जड, ती उताराला जाऊन साचते, म्हणून मला बागेच्या सखल कोपऱ्यात उभं केलं होतं आणि आकडा कमी झाला की हाक मारायला सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला तो आकडा चढायला हवा होता. पहाटे विहिरीचं पाणी ठिबकने सोडायचं असतं. हवेपेक्षा ते ऊबदार असतं, मुळांना तेवढाच आधार. पण त्या वेळी वीज नव्हती. शेतीला वीज कधी द्यायची याचं वेळापत्रक जो माणूस ठरवतो, त्याला एकदा या सखल कोपऱ्यात माझ्या शेजारी उभं करावं, असं फार वाटलं. बोलायचं नाही काही. नुसतं उभं करायचं. मेहुणा मात्र चिडला नाही. त्याने शेकोटीत काटक्या टाकल्या आणि वहिनींना मोबाइलच्या उजेडात चहा टाकायला सांगितलं.

उजाडताना वीज आली, पाणी सुटलं. सगळे मोटरीकडे धावले आणि मी गाडीकडे आलो. काचेवर दव, सीट बर्फगार, थर्मामीटरवर पुरते 6 अंश. चावी फिरवली, दिवा विझेपर्यंत थांबलो आणि सेल्फ मारला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, जराही धूर नाही. मी काच खाली करून इकडे तिकडे पाहिलं. आसपास चिटपाखरू नव्हतं.

इतकं देखणं काम बिनसाक्षीचं जाऊ द्यायला माझं मन तयार होईना. थोडा वेळ इंजिनाचा आवाज ऐकला, मग बंद केली आणि वाट पाहत बसलो. मेहुणा चहाचे पेले घेऊन आला तसं मी सहज आठवल्यासारखं म्हटलं, "निघावं म्हणतो. बघू, या थंडीत सुरू होते का ते." आणि हात लांब करून, त्याला नीट दिसेल अशी, चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

मेहुण्याने एक पेला माझ्या हातात दिला, दुसरा बॉनेटवर ठेवला आणि तळवा तिथेच टेकवून ठेवला.

"दाजी," तो म्हणाला, "ही गरमंय."